झेंडूचे माहेर

माझी धाकटी बहीण लॉस एंजेलिसला राहते आणि तिच्या शेजारी तीन पिढ्यांचे एक मेक्सिकन कुटुंब आहे. गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्या घरच्या आजींनी मांडलेली वेदी तिने मला व्हिडिओ कॉलवर दाखवली: पूर्वजांची छायाचित्रे, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, गोड पाव आणि सगळीकडे झेंडू. नातवंडांना स्पॅनिश मोडकेतोडकेच येते. तरी आजी एकेक छायाचित्र पुसत त्या माणसाची गोष्ट स्पॅनिशमध्येच सांगत होत्या आणि धाकटी नात पाकळ्यांची वाट दारापर्यंत अंथरत होती, कारण त्या वासावरून पितरांना घर सापडते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मला बेळगावजवळच्या खानापूरची आमची आजी आठवली. सर्वपित्री अमावास्येला कावळ्यासाठी पान ठेवताना तीही अशीच एकेक नाव घेत असे. दसऱ्याला आपण ज्याची तोरणे बांधतो, तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच.

मेक्सिको आणि अमेरिका यांच्यातल्या १८४८च्या तहानंतर कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला, तेव्हा तिथली कित्येक मेक्सिकन कुटुंबे जागची न हलता दुसऱ्या देशात गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे बेळगावही असेच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. देश तोच राहिला, पण कचेरीची भाषा बदलली. माझी मुलगी कन्नड उत्तम बोलते, याचा मला मनापासून आनंद आहे. मराठी मात्र तिला घरातच मिळायला हवी. म्हणून या पितृपक्षात आम्ही दोघींनी जुना अल्बम काढला आणि प्रत्येक छायाचित्रामागे तिने पेन्सिलीने, मराठीत, नाव आणि नाते लिहिले.