नस उघडली, पण रक्त पुढे सरकेना

पहाटे निपाणीकडून पेशंट आला. वेदगंगाकाठचा ऊसवाला, पन्नाशीचा, सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी तशीच. रात्री अकराला छातीत भरून आलं. घरच्यांनी पित्त समजून सोडा पाजला. दोन वाजता जवळच्या एका दवाखान्यानेही पित्ताचंच इंजेक्शन टोचून घरी पाठवलं. होता हार्ट अटॅक, आणि ईसीजी काढलाच नाही! घामाने अंथरूण भिजलं तेव्हा कुठे गाडी बेळगावच्या रस्त्याला लागली.

"ऑक्सिजन लावा की वो डाक्टर," मुलाचा एकच घोशा. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९६ टक्के होतं, लावला नाही. हार्ट अटॅकमध्ये ते ९० च्या वर असताना ऑक्सिजनचा फायदा नाही, हे स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासाने २०१७ मध्येच दाखवलंय. पण तोंडावर मास्क दिसला नाही की नातेवाइकांना उपचारच सुरू झाले नाहीत असं वाटतं.

हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मुख्य नस सुरुवातीलाच पूर्ण बंद होती. अँजिओप्लास्टीला घेतलं. वायर पार झाली, बलून फुगवला, आणि मॉनिटरवरचे ठोके एकदम रुंद, बेढब झाले. नवी सिस्टर शॉकच्या मशीनकडे धावली. "तडीरी सिस्टर, थांबा!" मी ओरडलो. गती नव्वदच्या आसपास, प्रेशर ठीक. रक्त परत पोचलं की हृदय असं बरळतं, बहुतेक वेळा आपणहून ताळ्यावर येतं. तसंच झालं.

खरी पंचाईत पुढे होती. स्टेंट नीट बसला, चित्रात नस मोकळी, पण डाय, म्हणजे नस एक्स-रेत दिसावी म्हणून सोडलेलं औषध, अर्ध्यावर जाऊन तिथेच रेंगाळलेला. आमच्या भाषेत नो-रिफ्लो: नस उघडली तरी रक्त खाली पोचत नाही. तासन्‌तास उपाशी राहिलेल्या स्नायूत रक्त अचानक शिरतं तेव्हा तेच रक्त घात करतं. पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो, ऑक्सिजनपासून मारक रेणू तयार होतात, पेशीची ऊर्जाघरं असलेल्या मायटोकाँड्रियाची छिद्रं उघडतात आणि वाचू शकली असती अशी पेशीही मरते. केशवाहिन्या सुजतात, गुठळीचे कण आणि पांढऱ्या पेशी त्यात अडकतात. बारीक नळीतून थेट खाली अ‍ॅडेनोसिन, म्हणजे बारीक वाहिन्या सैलावणारं औषध, सोडलं, थांबलो, पुन्हा सोडलं. हळूहळू डाय टोकापर्यंत पोचला.

या दुसऱ्या घावावर हुकमी औषध आजही नाही. मायटोकाँड्रियाची ती छिद्रं बंद ठेवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाने २००८ च्या छोट्या अभ्यासात आशा दाखवली, २०१५ च्या मोठ्या अभ्यासात ती मावळली. दंडाला बीपीचा कफ बांधून पाच-पाच मिनिटं फुगवायचा आणि सोडायचा, म्हणजे हृदय आधीच सावध होतं, ही कल्पना मला तर फार आवडली होती. फुकटचा इलाज, अँब्युलन्समध्येही जमणारा. आमच्या सीमाभागाला याहून सोयीचं काय? पण २०१९ मध्ये पाच हजारांवर पेशंट तपासून उत्तर आलं: फरक नाही. मला अजून हळहळ वाटते.

बाहेर मुलाला सांगायला गेलो. नस उघडली म्हटल्यावर तो आयसीयू कशाला म्हणून विचारू लागला. समजावलं, तर तोच म्हणाला, "म्हंजे कॅनॉलला पाणी सोडलं, पण चाऱ्या गाळानं भरल्यात. शेवटच्या वाफ्याला पाणी न्हाई." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

मग हळूच, "अकरालाच आणलं असतं तर?"

बेळगावलाच आणायला हवं होतं असं नाही, मी म्हटलं. निपाणीतच ईसीजी निघून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं असतं, तरी बराच स्नायू वाचला असता. तो गप्प झाला. त्या दवाखान्याचं नाव घेऊन दोन कडक शब्द बोलला, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३५ टक्के. हा आकडा बघून घरचे रडायला लागतात, पण न हलणाऱ्या स्नायूतला काही भाग मेलेला नसतो, नुसता बधिर असतो. दिवस-आठवड्यांनी तो पुन्हा हलू लागतो. सहा आठवड्यांनी पुन्हा इको केला तेव्हा ४५ झालं होतं. उरलेलं परत येणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पेशंटने विचारलं ते वेगळंच: ऊसतोडीला फडात उभं राहायला चालेल का? उभं राहा म्हटलं, मोळी उचलू नका.