बें... बें...

आज दिवसभर पहिल्या महायुद्धातले, १९१७ चे फ्रेंच सैनिक डोक्यातून जाईनात. एप्रिलमध्ये सेनापती निव्हेलचा मोठा हल्ला फसला, माणसं हकनाक मेली. मग आघाडीकडे निघालेल्या काही तुकड्या चक्क मेंढरांसारखं बें बें करत चालायला लागल्या! शिक्षा कोणाला करणार? आवाज अख्ख्या रांगेतून येतोय. पुढे कित्येकांनी बजावलं, खंदक राखू, पण असल्या हल्ल्यात पुन्हा जाणार नाही. हा फरक मला फार शहाणपणाचा वाटला. शेकडोंना मृत्युदंड सुनावला, गोळ्या घातल्या सुमारे ५० जणांना. नवा सेनापती पेताँ आला, त्याने रजा आणि जेवण सुधारलं. म्हणजे तक्रार खरीच होती की!

संध्याकाळी मीटिंगमध्ये सगळे माना डोलवत होते, आणि मला एकदम ते बें बें आठवलं. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.