चार नंबरची पनवती

"ताई, चार नंबरवर जो खेळतो तो हरतोच. पोरांनी त्याला पनवती नाव ठेवलंय." झोनच्या मालकांनी फोनवर आधी हे सांगितलं आणि मग कामाचं. हेडसेटचा स्पीकर बहुतेक गेलाय, येऊन एकदा खात्री करा, नवा मागवायचा तर आजच मागवतो, संध्याकाळी वाढदिवसाचं बुकिंग आहे.

पुण्याजवळच्या वाकडमधल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर हा व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, गेमिंग झोन आहे. हेडसेट डोळ्यांवर चढवला की चहूकडे गेमचंच जग दिसतं. पार्टिशन घालून सहा खोल्या केल्यात. प्रत्येकीत एक पीसी आणि छतावरच्या पुलीतून लोंबणारी हेडसेटची वायर. आपलं पोर आत काय दिवे लावतंय ते आईबापांना दिसावं म्हणून भिंतीवर टीव्ही. मी मूळची नाटकाच्या साउंडवाली. दौऱ्यावर माइक, मिक्सर, अँप सांभाळण्यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे आवाज गेला असं कोणी म्हटलं, की काय बिघडलं यापेक्षा आवाज कुठवर पोचतोय हा प्रश्न मला आधी पडतो. हल्ली अशा झोनची आणि लोकांच्या घरच्या गेमिंग पीसींची आवाजाची दुखणी माझ्याकडे येतात ती याच सवयीमुळे.

मी पोचले तेव्हा चार नंबरवर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा खेळत होता. चौघांनी मिळून झोंबी मारायचे, असा गेम. हा गडी सारखा डावीकडे वळत होता. त्याच्या हेडसेटमध्ये काय दिसतंय ते टीव्हीवर मला दिसत होतं. झोंबी येत होते उजवीकडून आणि पाठीमागून, आणि हा डावीकडच्या रिकाम्या भिंतीवर गोळ्या झाडत होता. बाहेरून त्याचे वडील ओरडत होते, "अरे मागे बघ, मागे!" तो म्हणायचा "बघतोय ना" आणि पुन्हा डावीकडेच वळायचा. मी हेडसेटकडे बघणं सोडून खोलीकडे बघितलं. टीव्ही त्याच्या डाव्या हाताला होता, आणि झोंबींच्या गुरगुरण्याचा आवाज तिथून येत होता.

व्हीआर गेममधला आवाज दोन कानांसाठी वेगवेगळा मोजून काढलेला असतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो. शिवाय मधे डोकं आडवं आल्यामुळे डाव्या कानाला तोच आवाज जरा दबका लागतो. एवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. आपण मान वळवली की गेम हे सगळं गणित नव्याने करतो. पण या मेहनतीचा उपयोग आवाज थेट कानाशी पोचला तरच. तोच आवाज टीव्हीतून काढलात तर जगातले सगळे झोंबी टीव्हीतूनच येणार.

मला गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. या हेडसेटचे स्पीकर कानाला चिकटत नाहीत, थोडं अंतर ठेवून असतात. त्यामुळे खोलीतला आवाज सहज आत येतो. टीव्ही दणक्यात चालू असल्यामुळे आवाज येत नाही अशी तक्रार एकाही पोराने केली नव्हती. आवाज येत होता, फक्त खोटं सांगत होता. पोरं आपली मुकाट हरत होती आणि गेम अवघड आहे म्हणून घरी जात होती. शेवटी काउंटरवरच्या मुलाने एकदा टीव्ही म्यूट करून हेडसेट चढवला, त्याला गेममधलं काहीच ऐकू आलं नाही, आणि स्पीकर गेल्याचं निदान झालं.

बॅच संपल्यावर मी हेडसेट डोक्यावर घेतला आणि काउंटरवरच्या त्या मुलाला सहा नंबरवर पाठवून गेममधून हळू आवाजात बोलायला सांगितलं. "ताई, येतंय का?" अगदी कानाजवळ, स्वच्छ. म्हणजे स्पीकर ठणठणीत होता. बोलणं हेडसेटमध्ये, बंदुका आणि झोंबी टीव्हीत. एकाच गेमचा आवाज दोन वाटांनी चालला होता.

माझ्या आधी तिथे हेडसेटची अदलाबदल करून झाली होती आणि ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढून परत टाकूनही झाला होता. आपल्याकडे आवाजाची कुठलीही तक्रार आली की ड्रायव्हरच का आठवतो मला कळत नाही. चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारे दोन प्रकारचे सॉकेट पीसीला असतात. इथे हेडसेट त्यातल्या डिस्प्लेपोर्टवर होता आणि टीव्ही एचडीएमआयवर. दोघांचाही आवाज ग्राफिक्स कार्डातूनच जातो, दोघांचा ड्रायव्हर एकच. तो बिघडला असता तर टीव्ही एवढ्या जोरात बोंबलला नसता.

विंडोजमध्ये आवाजाची जुनी खिडकी अजून आहे, कंट्रोल पॅनेलच्या पोटात लपवलेली. तिच्या प्लेबॅक टॅबमध्ये प्रत्येक साउंड डिव्हाइससमोर एक उभी पट्टी असते आणि आवाज जाईल तशी ती हिरवी नाचते. मिक्सरवरच्या मीटरची सवय असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी गेम चालू ठेवून ती खिडकी उघडली. डिफॉल्टची, म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तर आवाज जिथे जायचा त्या डिव्हाइसची, हिरवी खूण हेडसेटवर होती. गोळी झाडली की पट्टी नाचत होती टीव्हीची.

अशा वेळी पहिला संशयित ठरलेला असतो. २०१८ च्या एप्रिलमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं आउटपुट देता येतं आणि विंडोज ते लक्षात ठेवतं. कोणीतरी कधीतरी गेमला टीव्ही लावून दिलेला असतो आणि विसरून गेलेला असतो. घरच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी इथेच संपतात. उरलेल्यांत एक मजेशीर प्रकार असतो. कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज आपणहून ८० टक्के खाली आणतं, ते सेटिंगच तसं येतं, आणि माणूस हेडसेटला शिव्या घालतो. पण इथे वॉल्यूम मिक्सरमध्ये गेमसमोर सरळ 'डिफॉल्ट' लिहिलेलं. कोणी काही छेडलं नव्हतं.

गेम बंद करून परत उघडला. सगळा आवाज हेडसेटमध्ये. मालक खूश. "झालं ना ताई?"

झालं नव्हतं. स्पीकरमधून आपोआप गेलेला हम (घूं असा सततचा आवाज) प्रयोगाला पडदा वर गेला की परत येतो, हे साउंडवाल्यांना चांगलं माहीत असतं. मी हेडसेट हुकला अडकवला, गेम चालूच ठेवला आणि चहा मागवला. तो पिऊन होईतो हेडसेट झोपी गेला होता. पुन्हा डोक्यावर घेतला, तर झोंबी परत टीव्हीत.

मग त्या खिडकीकडे नजर लावून बसले. हेडसेट स्वस्थ पडला की काही वेळाने त्याचा डिस्प्ले झोपतो. त्याचा आवाज डिस्प्लेपोर्टवरूनच जात असल्यामुळे डिस्प्लेबरोबर साउंड डिव्हाइसही यादीतून नाहीसं होतं. हिरवी खूण उडी मारून टीव्हीवर जाते, गेमचा आवाजही तिच्या मागोमाग जातो. इथवर ठीक. हेडसेट उचलला की तो जागा होतो, यादीत परत येतो, हिरवी खूणही त्याच्याकडे परत येते. गेम मात्र टीव्हीवरच राहतो. यजमान गावाला गेले म्हणून पाहुणा शेजाऱ्यांकडे उतरावा आणि यजमान परतल्यावरही त्याने तिथून हलू नये, तसं.

यात विंडोजचं काही चुकत नाही. प्रोग्रॅम ज्या डिव्हाइसवर आवाज पाठवतोय ते नाहीसं झालं तर त्याला एरर मिळते, आणि तो त्या क्षणी डिफॉल्ट असलेलं दुसरं उघडतो. डिफॉल्ट बदललं ही मात्र वेगळी वर्दी असते आणि प्रोग्रॅमने ती ऐकायची तयारी ठेवावी लागते. या गेमने पहिलीची तयारी केली होती, दुसरीची नाही. टीव्ही तर जिवंतच होता, मग एरर येणार कुठून? बोलण्याचा भाग वेगळा होता. तो प्रत्येक मॅचला नव्याने डिव्हाइस उघडायचा, त्या वेळी हेडसेट डोक्यावर असायचाच, म्हणून मित्रांचा आवाज नेहमी बरोबर जागी यायचा. व्हीआर गेम लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. ऑक्युलस या व्हीआर हेडसेटवाल्या कंपनीच्या डेव्हलपर किटमध्ये तर हेडसेटसाठी ठरलेलं साउंड डिव्हाइस कोणतं, हे विचारायला गेमला वेगळं फंक्शनच दिलेलं होतं. पण दृश्यासाठी महिनोन्महिने घासाघीस होते आणि आवाजाच्या वाटेला शेवटचा आठवडा येतो. नाटकातही हेच, तिथे तर शेवटची रात्र येते.

एक प्रश्न उरला होता. सहाही खोल्यांत तोच गेम, तसाच हेडसेट, तसाच पीसी. मग चारच नंबर का?

मी तीन नंबरवर जाऊन तोच खेळ केला. हेडसेट झोपला, यादीतून गेला, आणि गेमला जायला दुसरी जागाच उरली नाही. मदरबोर्डच्या हिरव्या जॅकमध्ये काही खोचलेलं नव्हतं, टीव्हीची ओळ करडी होती, डिसेबल केलेली. झोन उभा करणाऱ्याने सगळे टीव्ही आवाजापुरते बंद करून ठेवले होते. शहाणा माणूस, कोण होता देव जाणे. गेम गप्प बसून राहिला आणि हेडसेट जागा होताच मुकाट्याने त्याच्याकडे आला. चार नंबरवर मात्र टीव्हीची ओळ चालू होती.

"हा टीव्ही कोणी चालू केला?" मी विचारलं.

"कोणी नाही. चारचा टीव्ही नवा आहे ना ताई," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. "जुन्यावर एकाने झोंबी समजून कंट्रोलर हाणला."

टीव्ही जोडला की तो आपलं नाव, मॉडेल आणि कुठला आवाज झेपतो याची माहिती केबलवरून कळवतो. मॉडेल बदललं की विंडोजच्या लेखी ते नवं साउंड डिव्हाइस, आणि नवं डिव्हाइस चालू स्थितीतच येतं. जुन्यावर घातलेली बंदी जुन्याबरोबर गेली. हरणं कधीपासून सुरू झालं ते मुलाला विचारलं. त्याने बोटांवर दिवस मोजले आणि स्वतःच हसायला लागला.

आता उपाय सोपा होता, टीव्हीची ओळ डिसेबल करायची. माउस तिथवर नेला आणि मालकांनी हात आडवा केला. "थांबा, थांबा. आवाज येतो म्हणून लोक चारच्याच बाहेर बसतात. कॉफी मागवतात. मी तर तुम्हाला म्हणणार होतो, सगळ्याच टीव्हींना आवाज द्या."

म्हणजे ज्याच्यामुळे पोरं हरत होती त्याच्यामुळेच आईबाप रमत होते. त्यांचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. प्रेक्षकाला आवाज हवाच. पीसीवर व्हीआर हेडसेट चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या प्रोग्रॅमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये याची सोय आहे. मूळ आवाज हेडसेटला आणि त्याची नक्कल दुसऱ्या डिव्हाइसला, मिरर म्हणतात तिला. पण नक्कल पाठवायची तर टीव्ही चालू ठेवायला हवा, आणि टीव्ही चालू म्हणजे गेम पुन्हा तिकडे पळायला मोकळा. हेडसेटला झोपूच द्यायचं नाही, असं मालकांनी सुचवलं. ते मी साफ नाकारलं. दिवसभर पेटता डिस्प्ले म्हणजे उष्णता, आणि पडद्याचं आयुष्य कमी. शेवटी ठरलं ते असं. बॅच संपली की लाँचरने, म्हणजे गेम उघडून देणाऱ्या प्रोग्रॅमने, गेम पूर्ण बंद करायचा आणि हेडसेट डोक्यावर चढून जागा झाल्यावरच नवा उघडायचा.

"त्यात वेळ जाईल," मालक म्हणाले. त्यांचा हिशोब मिनिटांचा असतो.

"वायर कुठे, भिंत कुठे, चक्कर आली तर काय, हे तुम्ही पोरांना सांगताच ना? ते सांगताना उघडू दे गेम."

सहाही ठिकाणी तसं करून घेतलं, मिरर लावला आणि प्रत्येक ठिकाणी हेडसेट झोपवून-उठवून बघितला. वाढदिवसाची गँग आली तेव्हा मी सहा नंबरवर होते. चारवरून कोणीतरी "मागे आहे, मागे!" असं ओरडलं. या वेळी ओरडणारा आत खेळणारा होता.

टीव्हीचा आवाज किती ठेवायचा हा वाद तेवढा राहिला. हे स्पीकर उघडे, टीव्ही मोठा केला की पोराच्या कानात दोन्ही मिसळणार आणि दिशा पुन्हा पुसट होणार. मी तो खाली आणला. लिफ्टपाशी पोचेपर्यंत आतून झोंबी पुन्हा मोठ्याने गुरगुरायला लागले. परत गेले. बऱ्याच टीव्हींमध्ये हॉटेलवाल्यांसाठी एक मेनू असतो, त्यात आवाजाची कमाल मर्यादा बांधता येते. सहाही टीव्हींना ती बांधली आणि काही न बोलता निघाले.

गेमवाल्यांना मी सगळं क्रमवार लिहून पाठवलं. त्यांनी लॉग मागवले, तपासून बघितलं, दोष मान्य केला आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणाले. ती येईपर्यंत वाकडला प्रत्येक बॅचला गेम बंद होतो आणि उघडतो.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. "ताई, पोरं जिंकतायत. पण आता टीव्ही बिघडलेत वाटतं. सगळेच. आवाज वीसच्या वर जातच नाही."