होम सर्व्हरचं कॅबिनेट: खोक्यापासून भोपळ्यापर्यंत

घरच्या सर्व्हरचा जुना मिड-टॉवर (मधल्या आकाराचं उभं कॅबिनेट) अखेर टेबलाखालून निघाला. चार हार्ड डिस्क, पाच पंखे आणि पाय लांब केले की अंगठ्याला लागणारा तापलेला पत्रा, असा त्याचा संसार होता. मी एकटाच त्या खोलीत बसायचो तोवर आवाजाचं काही वाटत नव्हतं. आता तिथे आई झोपते. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, "अरे, रात्रभर कुणीतरी जातं ओढत होतं." तेव्हा या वेळचं काम ठरलं: छोटं, शांत आणि पुस्तकांच्या कपाटात मावेल असं कॅबिनेट. मला वाटलं होतं की हा दोन संध्याकाळींचा प्रश्न आहे. सात आठवडे गेले.

सुरुवात डिस्क मोजण्यापासून केली, कारण इथे बाकी सगळं डिस्कमागे फरफटत येतं. आज चार आहेत. भरत आल्या की दोन वाढवणार, म्हणजे सहा जागा हव्यात. साडेतीन इंची डिस्क म्हणजे १४७ बाय १०२ बाय २६ मिलिमीटरची, पाऊण किलोच्या आसपासची वीट. अशा सहा विटा एकमेकींना न चिकटवता ठेवायच्या आणि मधून हवा खेळवायची. त्यापुढे १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड म्हणजे किरकोळ पाहुणा.

कॅबिनेटच्या माहितीत लिटर ठळक छापतात. लिटर फसवतात. वीस लिटर उभे की आडवे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग नाही. माझा कप्पा ३४ सेंटिमीटर रुंद, ३० उंच आणि ३६ खोल. म्हणून पुठ्ठा कापून खऱ्या मापांची खोकी केली आणि कप्प्यात ठेवून पाहिली. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ८०४ (३४४ बाय ३०७ बाय ३८९ मिमी) खोकं होण्याआधीच बाद. जोन्सबोचं एन२ साधारण साडेबावीस सेंटिमीटरचा ठोकळा, दिसायला सगळ्यांत गोंडस, पण डिस्क पाच. त्याचा भाऊ एन३ आठ डिस्क घेतो आणि कप्प्यातही बसतो. नोड ३०४ मध्ये सहा डिस्क, रुंदी २५० आणि उंची २१० मिमी, पण खोली ३७४. शिवाय मागच्या वायरींना वळायला पाच सेंटिमीटर द्यावेच लागतात, आणि ते मोजायला सगळेच विसरतात. मीही विसरलो होतो.

तरी घेतलं ३०४च. कारण सांगतो. एन२, एन३ मध्ये डिस्क समोरून सरकवायच्या आणि मागच्या बॅकप्लेनमध्ये, म्हणजे सगळ्या डिस्कची कनेक्टरं असलेल्या आडव्या बोर्डात, घुसवायच्या. वायरींचा गुंता नाही, एखादी डिस्क गेली तर मिनिटात बदल. पण बॅकप्लेन म्हणजे हवेच्या वाटेत उभी केलेली भिंत. त्या फटींमधून हवा ओढायला पंख्याला जोर लावावा लागतो, आणि जोर म्हणजे आवाज. ३०४ मध्ये दोन-दोन डिस्कची तीन ब्रॅकेट वरून टांगलेली असतात, समोर ९२ मिमीचे दोन पंखे आणि मागे १४० मिमीचा एक. डिस्क बदलायला झाकण काढून स्क्रू सोडवावे लागतात. मी वर्षाकाठी किती डिस्क बदलतो? एखादी, तीही नाही. त्या पाच मिनिटांसाठी उरलेलं वर्षभर घरघर का ऐकायची?

आणखी एक, ३०४ मध्ये नेहमीच्या एटीएक्स आकाराचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बसतो, आणि माझ्याकडे एक बरा पडून होता. छोटा एसएफएक्स डबा वापरणाऱ्यांनी इथे हसावं. पण एसएमपीएस निवडताना डिस्कचा आळस पाहू नका, तिचं उठणं पाहा. नुसती फिरत असताना डिस्क पाचेक वॅट खाते. सुरू होताना मात्र १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास ओढते. सहा एकदम उठल्या की दीडशे वॅटच्या घरात झटका. नंतर सगळा सर्व्हर मिळून पन्नासात भागतो, आणि एवढ्या कमी भाराला माझ्या एसएमपीएसचा पंखा फिरतही नाही.

कप्प्याची खोली कमी पडत होती, तो प्रश्न कपाटाच्या पाठीचा प्लाय कापून सोडवला. हॅकसॉ ब्लेडने केलेलं ते भोक बघण्यासारखं नाही. पण त्यातून वायरी निघाल्या आणि मागच्या पंख्याची गरम हवाही. कपाट भिंतीपासून आठ सेंटिमीटर पुढे ओढलंय.

तिसऱ्या आठवड्यात मूळचा विचारच चुकलेला निघाला. मी 'शांत' म्हणजे 'आतून फोम लावलेलं' असं धरून चाललो होतो. जुन्या टॉवरच्या दारांना मी स्वतः फोम चिकटवला होता. त्याने पंख्याची सळसळ आणि डिस्कच्या हेडची (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सुईची) टकटक खरंच कमी झाली होती, जातं मात्र ओढलं जातच होतं. साधा हिशेब आहे. डिस्कचे मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे १२० हर्ट्झची घुमी. हवेत तिची तरंगलांबी जवळजवळ तीन मीटर. तिच्यापुढे आठ मिलिमीटर फोम म्हणजे पुराला लावलेला पडदा. वर त्या फोमने उष्णता आत कोंडली: मधली डिस्क ५१ अंशांवर होती. नव्या कॅबिनेटमध्ये फोमचा तुकडाही नाही. तीच डिस्क तिथे ४१ दाखवू लागली.

मग हुरूप येऊन पंखे हळू केले. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. यापेक्षा स्वस्त सौदा या छंदात दुसरा नाही. डिस्क ४४ वर गेल्या आणि मी तिथेच थांबलो. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखावर डिस्कची आकडेवारी मांडली, तेव्हा मध्यम तापमानाला गरम डिस्क जास्त मरतात असं काही दिसलं नाही. उलट थंडच जास्त गेल्या. खूप तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कची गोष्ट वेगळी. तेव्हा तिशी गाठायला पंखे पिटाळू नका.

पंख्यांचं नियंत्रण मात्र डिस्कच्या तापमानावर बांधा. मदरबोर्ड स्वभावतः प्रोसेसरकडे पाहून पंखा फिरवतो. माझा प्रोसेसर इंटेल एन१००, सहा वॅटवाला, तो कधी तापतच नाही. डिस्क भाजत असताना बोर्ड निवांत. लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्ये, म्हणजे त्या सिस्टमच्या गाभ्यात, ड्राइव्हटेम्प हे मॉड्यूल आहे. ते लोड केलं की डिस्कचं तापमान इतर सेन्सरांच्या रांगेत दिसतं, आणि पंखे सांभाळणाऱ्या फॅनकंट्रोल या प्रोग्रॅमला तेच दाखवता येतं.

आता भोपळा.

सगळं जुळवून कॅबिनेट कप्प्यात ठेवलं आणि आवाज वाढला! टेबलावर जवळजवळ गप्प असलेला सर्व्हर कपाटात गेल्यावर घुमायला लागला. तोही एकसारखा नाही. भरून यायचा, ओसरायचा, पुन्हा भरून यायचा. घड्याळ लावलं तर साधारण पाच सेकंदांची लाट. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित न जुळलेल्या असल्या की जे ऐकू येतं, तेच हे. दोन डिस्कच्या वेगात सेकंदाला ०.२ फेऱ्यांचा, म्हणजे मिनिटाला १२ फेऱ्यांचा फरक असला की पाच सेकंदांची लाट बनते. ७२०० मध्ये १२ म्हणजे काहीच नाही, कानाला मात्र पुरतं. आणि तारा असल्या की भोपळाही लागतोच. तो म्हणजे माझ्या कपाटाची प्लायची फळी.

(फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये हा सूर स्पष्ट दिसतो. '५४०० क्लास' असं लेबल असलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात ७२०० ने फिरतात, तेही त्यातून पकडता येतं: ९० ऐवजी १२० वर टोक दिसतं. शंभरावर दिसलं तर डिस्कला दोष देऊ नका, ती बहुधा पन्नास हर्ट्झ विजेवर चालणाऱ्या कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरची गुणगुण असते.)

फळीखाली आधार दिला, फरक नाही. कॅबिनेटखाली कडक रबरी बूच ठेवले, तर आणखी बिघडलं. इथे मला शाळेतली स्प्रिंग आठवली. वजनाने पाय किती दबतो त्यावरून त्याची स्वतःची कंपनसंख्या काढता येते: पाच भागिले, सेंटिमीटरमधल्या दाबाचं वर्गमूळ. बूच केसाएवढं, ०.०५ मिमी दबत असेल तर उत्तर ७० हर्ट्झच्या आसपास. कंप अडायला सुरुवात होते ती त्याच्या १.४ पटीच्या वर, म्हणजे शंभराच्या वर. १२० ला ते कसंबसं काहीतरी करेल, ९० ला उलट झोका देईल. माझ्या सर्व्हरमध्ये दोन्ही प्रकारच्या डिस्क आहेत. तोच पाय एक मिलिमीटर दबला तर उत्तर १६ वर येतं, आणि मग ९० काय, १२० काय, दोन्ही खूप वर राहतात.

म्हणजे पाय मऊ हवेत, चांगले दबणारे. जाड स्पंजचे चार तुकडे कापले आणि भरलेल्या कॅबिनेटखाली फूटपट्टी धरून पाहत पाहत आकार कमी करत गेलो. मोठा तुकडा कमी दबतो, लहान जास्त. दीडेक मिलिमीटर दबला तेव्हा थांबलो. लाट गेली. फळीला कान लावला तर अजून ऐकू येते, पण फळीला कान लावून कोण झोपतं?

ब्रॅकेटचे स्क्रूही मी सवयीने करकचून आवळले होते. ते सैल करून खाली मऊ वॉशर घातले, त्याने थोडी भर पडली. डिस्क घेणाऱ्यांनी एक बघून ठेवा: मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच नव्या डिस्कना खालच्या बाजूची मधली स्क्रूची छिद्रं नसतात. आपलं ब्रॅकेट कुठली छिद्रं मागतं ते आधी जुळवून पाहा.

हेडची टकटक उरली आहे. महिन्यातून एकदा सगळा डेटा वाचून तपासण्याचं काम रात्री दोनला लावलेलं होतं, ते दुपारी हलवलं.

स्पंजचं मात्र खरं सांगतो, भरवसा नाही. बसवताना फळी आणि कॅबिनेटमध्ये १४ मिमी फट होती. तीन आठवड्यांनी १२. स्पंज असाच बसत गेला तर कडक होईल आणि आपण पुन्हा बुचावर येऊ. फटीत १० मिमीची एक पट्टी सरकवून ठेवली आहे. ती अडकली की पाय बदलायचे.