आठ ओळींची झेरॉक्स

ठाण्यात अकरावी आर्ट्‌सला मराठी शिकवते. कविता सुरू केली की वर्गातून पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, लिहून घ्यायचंय का?" मी सांगायचं, त्यांनी उतरवायचं, याला नोट्स म्हणतात. जुन्या बाजारातल्या पुस्तकांत तर आधीच्या मालकाने ओळीओळीखाली पेन्सिलीने अर्थ लिहूनच ठेवलेला असतो. म्हणून यंदा रसग्रहणाला आमच्या पुस्तकाबाहेरची कविता घ्यायचं ठरवलं. बालकवींची 'औदुंबर', आठच ओळी. कागदाच्या मधोमध कविता, चहूकडे मोकळी जागा, प्रत्येकाला एक प्रत.

ऑफिसात गेले.

"सिलॅबसमध्ये आहे का?" नाही. "मग झेरॉक्स कशी देणार?" अर्ज लिहिला. त्यावर विभागप्रमुखांची शिफारस हवी. मराठीला मी एकटीच, म्हणजे विभागप्रमुखही मीच. पण स्वतःच्या अर्जावर स्वतःची शिफारस चालत नाही म्हणे. पर्यवेक्षकांकडे पाठवलं, ते परीक्षेच्या गडबडीत. मग अर्ज परत आला, लाल शेऱ्यासकट: 'कॉपीराइटचे काय?' बालकवी १९१८ साली गेले, आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, हे सगळं अर्जाच्या पाठीमागे लिहून दिलं. अखेर मंजुरी मिळाली, तर मशीनचा टोनर संपलेला. तो मागवायचा अर्ज वेगळा, आणि तो मी करायचा नाही, ज्यांनी करायचा ते रजेवर!

स्टेशनजवळच्या दुकानातून पदरचे पैसे घालून प्रती काढल्या. तुम्हीही सरळ तेच करा. एका कागदावर दोन कविता बसवून पैसे वाचवू नका, समास जातो आणि सगळा खेळ समासाचा आहे.

वर्गात एवढंच सांगितलं: फक्त रंगांखाली रेघ मारा. हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह. रंग शेवटी काळ्यावर येऊन थांबतात हे मी सांगायच्या आधीच मागच्या बाकावरून आलं. मग डाव्या समासात आपापले प्रश्न. एकीने लिहिलं, 'वाट गावाकडे न जाता डोहाकडे का चालली?' कळव्याच्या एका मुलाने उजवीकडे टिपलं, 'संध्याकाळी तलावपाळीचं पाणी असंच काळं दिसतं.' आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे बोर्डाचे तीन मुद्दे मी त्यानंतर फळ्यावर लिहिले; मुलांनी आपल्याच टिपणांना बाण काढून ते जोडले. त्या तासाला मी काहीही उतरवून दिलं नाही, याचा मला अजून आनंद आहे.

सांगायचं राहिलं, कागद वाटण्याआधी मोबाइल बॅगेत जाऊ द्या. नाहीतर 'औदुंबर म्हणजे विरक्त साधू' हे शोधून अर्धा वर्ग उतरवून मोकळा होतो. तो अर्थही घ्यायचा, पण शेवटी. आणि या कागदांना गुण देऊ नका. गुण म्हटलं की मुलं लगेच गाईडच्या भाषेत लिहायला लागतात.