विनिपेगोसिसच्या बेटांवर घरटी मोजताना

पक्षीगणना म्हटलं की मला भिगवणची थंडीतली सकाळ आठवायची. काठावर उभं राहायचं आणि दुर्बिणीत दिसतील तेवढे पक्षी मोजायचे. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगोसिस सरोवरावर झोळीवाले (पेलिकन) आणि पाणकावळे मोजायच्या कामात सहभागी झालो, तेव्हा पहिल्यांदा शिकलो की वसाहतीत घरटी मोजायची असतात. एक पालक अंड्यांवर असतो, दुसरा मासे धरायला कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि जोडी न जमलेले पक्षी उगाच काठावर बसलेले असतात. नुसती डोकी मोजून काहीच कळत नाही.

मे महिन्यात बर्फ वितळला की लगेच घरटी होतात. मोजणी करायची ती पिल्लं चालू लागायच्या आत. छोट्या विमानातून, पक्षी बिथरणार नाहीत इतक्या उंचीवरून आम्ही प्रत्येक बेटाचे फोटो काढले. खरी मेहनत पुढे, संगणकावर. प्रत्येक घरट्यावर एक ठिपका. बसलेल्या पक्ष्याची सावली आखूड, उभ्याची लांब. शिवाय बसलेले पक्षी शेजाऱ्याची चोच पोचणार नाही इतकं अंतर राखून असतात. ही दोन लक्षणं नजरेत बसली की हात चालू लागतो. तोच फोटो दुसरा माणूस स्वतंत्रपणे मोजतो. आकडे फार वेगळे आले तर दोघांनी पुन्हा बसायचं.

झोळीवाल्यांच्या बेटावर आम्ही पाऊलच ठेवलं नाही, आणि ते मला मनापासून पटलं. हा पक्षी पायांच्या पडद्यांखाली अंडी उबवतो. दचकून उठला की अंडी उघडी पडतात आणि टपून बसलेले कुरव ती फोडतात. अंडी दोन, जगतं बहुधा एकच पिल्लू. त्यात आपली भर कशाला?

पडताळणीसाठी उतरलो ते पाणकावळ्यांच्या एका बेटावर, भल्या सकाळी. ऊन चढल्यावर उघडी पिल्लं तापून मरतात. ओळीने चालायचं आणि मोजलेल्या घरट्यात कोरड्या मॅकरोनीचा एक तुकडा टाकायचा, म्हणजे दोनदा मोजणी होत नाही. फिकट निळी अंडी, त्यांवर खडूसारखा थर. शेजारी काळी, बिनपिसांची पिल्लं. घाबरली की ती गिळलेला मासा ओकतात. तोही टिपायचा, कारण पाणकावळे आमचे मासे संपवतात ही इथल्या मासेमारांची जुनी तक्रार आहे. ते खातात काय हे त्यातूनच कळतं.

काही बेटं रिकामी होती. तिथेही शून्य लिहायचंच. पाण्याची पातळी बदलली किंवा एखादा कोल्हा बेटावर पोचला, की अख्खी वसाहत शेजारच्या बेटावर जाते. फक्त जुनी बेटं पाहिली तर पक्षी घटले असं वाटेल. म्हणून एकाच हंगामात सगळं सरोवर पालथं घालायचं, आणि नकाशावर पूर्वी कधीच नोंद नसलेली बेटंसुद्धा सोडायची नाहीत.