दोन-पंचाहत्तरची वही, नोंद ६: पाने, वॉरंटी आणि पाइपाचा वळ

मागच्या नोंदीत दोन्ही मडगार्ड खोलून भिंतीला टेकवले, इथवर आलो होतो. त्यानंतर दीड महिना झाला, ट्रॅक्टर होता तिथंच आहे. मी मात्र रिकामा नव्हतो. बोल्टांपेक्षा पान्यांच्याच मागे जास्त फिरलो, म्हणून ही नोंद अवजारांची. इंजिनाची वाट पाहणाऱ्यांनी अजून थोडा दम धरावा, हेड उघडलेलंच नाही.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच: बाबांचा महिंद्रा बी-२७५, गोठ्याशेजारी टिनाखाली अकरा वर्षं उभा. मी शाळेत मास्तर. दिग्रसच्या अलीकडचं आमचं गाव, आणि मेकॅनिकी मी सुटीच्या दिवशी शिकतो, तीही चुका करूनच.

पहिली चूक बॅटरीच्या डब्यापाशी झाली. बारा नंबरचा पाना बसेना, तेरा बसला पण सैल. सैल तर सैल, म्हणून जोर दिला आणि नटाचे कोन खाऊन टाकले. एक नाही, ओळीनं तीन. चौथ्याला हात घालणार तेवढ्यात गावचे मिस्त्रीकाका रस्त्यानं जाताना थांबले. नटावरून अंगठा फिरवला अन् म्हणाले, "सर, हे सुताचं काम हाये. याले एमएम कायले लावता?"

मला लाज वाटली, कारण हे मला आधी सुचायला हवं होतं. महिंद्रानं १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला, आणि बी-२७५ हे त्या अमेरिकी कंपनीचं इंग्लंडमध्ये बनलेलं मॉडेल. म्हणजे बोल्ट इंची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा इंच, आपलं चार सूत, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेरात तो ०.३ मिलिमीटर खेळतो. ऐकायला काहीच नाही, पण पाना कोनावर चढून घसरायला तेवढं पुरतं. साडेचार सूत त्याहून वाईट: १४.२९. चौदा आत जात नाही, पंधरा लावला तर नट गेलाच म्हणून समजा. उलट पाच सुताला (१५.८८) सोळा नंबर छान बसतो. सहा सूत म्हणजे १९.०५, त्यावर एकोणीस कधी बसतो, कधी रंग खरवडल्याशिवाय बसत नाही.

बरं, सगळंच इंची असतं तरी सोपं होतं. मधल्या काळात ज्यानं ज्यानं या ट्रॅक्टरला हात लावला त्यानं मिळेल तो बोल्ट ठोकलाय. दहा एमएमचाच बोल्ट, पण डोकं कुठं सतरा, कुठं नव्या मापाचं सोळा, आणि एका ठिकाणी चौदा, बहुतेक कुठल्यातरी जपानी धाटणीच्या गाडीचा. म्हणजे दोन्ही मापांचे सेट हवेत, हे ठरलं. मग कोणाचे, हा प्रश्न आला.

माझ्याकडे तेव्हा तीन तऱ्हेचा माल होता. एक, बाजारातून सहाशे रुपयांत उचललेली हिरव्या डब्यातली ४६ नगांची पेटी, जिच्यावर नाव आहे पण ते कोणाचं ते देव जाणे. दोन, टपारियाचे फिक्स पाने, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत आठ नग. तीन, भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं घेतलेला एक गंजका रिंग पाना.

तिसऱ्याची गोष्ट आधी सांगतो. रॉकेलात रात्रभर ठेवून तारेच्या ब्रशनं घासला तेव्हा दांड्यावर अक्षरं निघाली: गेडोर इंडिया. गेडोर म्हणजे गेब्रुडर डोविडाट, रेमशाइड. डोविडाट बंधूंनी १९१९ साली जर्मनीतल्या रेमशाइड गावी काढलेली कंपनी. तिच्या भारतातल्या भागीदारीतून पुढे झालानी ही अवजारांची कंपनी झाली, म्हणून जुने मिस्त्री अजूनही झालानीच्या पान्याला गेडोरच म्हणतात. किती वर्षांचा असेल ते सांगता येत नाही, वरचा मुलामा जवळजवळ गेलाय, पण रिंगच्या आतले कोन बघा, नख लावलं तर टोचतात.

शेवटी मी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि कानस घेऊन ओट्यावर बसलो. तेरा नंबरचं तोंड मोजलं. टपारियाचं १३.१२ भरलं. भंगारातून आणलेल्या दुसऱ्या एका बिननावाच्या पान्याचं १३.४०. म्हणजे तेरा एमएमच्या खऱ्या नटावरही तो पाना तेवढाच खेळणार, जेवढा टपारियाचा इंची नटावर खेळला. मग कानस. पान्याच्या जबड्यावर, जिथं दिसणार नाही अशा कडेला, हलकी एक ओढ द्यायची. पोलाद नीट कडक केलेलं असेल तर कानस सहसा घसरते, सूं असा आवाज येतो. मऊ असेल तर चावते आणि चुरा पडतो. टपारिया अन् गेडोरवर घसरली. हिरव्या डब्यातल्या गोटीवर (नटावर टोपीसारखं बसतं ते सॉकेट) एका ओढीत चकचकीत खाच पडली, आणि त्याच गोटीवर मोठ्या अक्षरांत क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय. त्या शब्दांवर मी तरी आता जात नाही. पोलादात काय मिसळलं यापेक्षा ते तापवून, विझवून, परत किती तापवलं यावर पाना ठरतो, आणि ते डब्यावर छापत नाहीत. (वरचा चकाकणारा क्रोम आणि पोलादातलं क्रोमियम या दोन वेगळ्या गोष्टी. आमचे एक सहकारी चकाकी बघूनच घेतात, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.)

टपारियाबद्दल इथं बरेच जण नाक मुरडतात, की गल्लोगल्ली मिळतो तो माल काय सांगायचा. १९६९ पासून, स्वीडनच्या कंपनीचं तंत्र घेऊन सुरू झालेली ही कंपनी, कारखाना नाशिकला. मला तर गल्लोगल्ली मिळणं हाच तिचा मोठा गुण वाटतो, आणि त्याचं कारण वॉरंटीत आहे.

परदेशी मंडळींचं वाचून मलाही 'आयुष्यभराच्या वॉरंटी'चं वेड लागलं होतं. अमेरिकेत सिअर्सची क्राफ्ट्समन नावाची अवजारं १९२७ पासून होती. तुटलेला पाना घेऊन दुकानात जायचं, नवा घेऊन यायचं. स्नॅप-ऑनची तर गाडीच गॅरेजच्या दारात येते. हे वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती: ती हमी चालायची, कारण गावोगावी सिअर्सचं दुकान होतं. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरकडे गेली, पुढच्याच वर्षी सिअर्सनं दिवाळं काढलं. कागद कितीही पक्का असो, काउंटर तरी पाहिजे.

तर मी काय केलं? एका बाहेरच्या कंपनीचा, नाव घेत नाही, अर्ध्या इंची चौकाचा रॅचेट घेतला, म्हणजे चौकावर गोटी अडकवून, पुढेमागे हलवत नट फिरवायचा दांडा. बहात्तर दात. किंमत अशी की घरी निम्मीच सांगितली. आयुष्यभराची वॉरंटी. बहात्तर दात म्हणजे पाच अंशांत पुढचा दात पकडतो, चोवीस दातांच्या रॅचेटला पंधरा अंश फिरवावं लागतं. अडचणीच्या जागी हे सुख काय असतं ते हात घालणाऱ्यालाच कळतं. पण दात जितके जास्त तितके बारीक, हे मी सोयीनं विसरलो. मागच्या चाकाजवळचा एक नट हलेना, तेव्हा बोअरवेलच्या कामातून उरलेला दोन फुटी लोखंडी पाइप दांड्यात सरकवला आणि लटकलो. कट्कन आवाज आला. वाटलं, सुटला. सुटला खरा, पण रॅचेट.

नागपूरला जायचंच होतं, तेव्हा रॅचेट पिशवीत घातला. आधी एस.टी.नं यवतमाळ, तिथून नागपूर, इतवारीत पोचायला दुपार झाली. दुकानदारानं बिल पाहिलं, डबा पाहिला, रॅचेट हातात घेतला. आतलं काहीच पाहिलं नाही. दांडा उलटा करून उजेडात धरला. टोकापासून चार बोटांवर मुलाम्यावर गोल ओरखडा होता, पाइपाच्या तोंडाचा वळ.

"पाइप लावला होता नं सर?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायची सोयच नव्हती. वॉरंटीचा कागद मी तिथंच पहिल्यांदा पूर्ण वाचला: बनवण्यातला दोष असेल तर बदलून मिळेल, झीज, ठोकाठोकी, घासून आकार बदलणं, दांडा लांब करणं यांत मिळणार नाही. हे जवळजवळ सगळ्याच कंपन्या लिहितात. माझी तक्रार नाही. त्या गृहस्थानं उलट आतल्या दातांचा संच मागवून दिला, थोडक्या पैशात. तो यायला साडेपाच आठवडे लागले, म्हणून हा सगळा खोळंबा.

वाट पाहताना एक हिशेब केला. तेरा नंबरचा पाना साधारण सोळा-सतरा सेंटिमीटर लांब असतो. आरामात ओढला तर हातात पंधरा किलोचा जोर येतो. गुणाकार जवळपास २५ न्यूटन मीटर, आणि ८.८ ग्रेडच्या (ही बोल्टाच्या मजबुतीची खूण) आठ एमएम बोल्टाला लागतो तो एवढाच. म्हणजे पान्याची लांबी बोल्ट बघूनच ठरवलेली. साठ सेंटिमीटरचा पाइप लावला की तोच हात नव्वदच्या घरात जातो. बोल्ट तुटतो, नाहीतर पाना, नाहीतर माझ्यासारखा रॅचेट.

आता नियम केलाय: जाम नट आधी सहा कोनी गोटी आणि लांब एल-हँडलनं ढिला करायचा, रॅचेट फक्त पळवायला. बारा कोनी गोटी पटकन बसते, पण तिचा भार नटाच्या कोनावर येतो. सहा कोनी बाजूला धरते. अर्धवट गोल झालेल्या नटावर तर दुसरं काही लावूच नये.

खरेदीचं म्हणाल तर टपारियाचे एमएम पाने तेच राहतील. इंची रिंग पान्यांचा लुधियाना मालाचा सेट दिग्रसच्या हार्डवेअरवाल्या काकांकडून घेतला, टपारियापेक्षा स्वस्तात. कानस घसरली, मापं ठीक भरली. त्यातला एक, तीन-साडेतीन सुताचा, एका बाजूनं तिरका निघाला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घेऊन गेलो. काकांनी बिल मागितलं नाही, मांडणीवरचा दुसरा काढून दिला, चहा सांगितला. पेरणीच्या दिवसांत कोणाचा पाना मोडला तर त्याला साडेपाच आठवडे कुठून मिळणार?

हिरवी पेटी फेकली नाही. सायकल आणि फवारणी पंपाला चालते.

बॅटरीच्या डब्याच्या तीन गोल नटांपैकी दोन निघाले: एक सहा कोनी गोटी ठोकून बसवून, दुसरा छिन्नीनं चिरून. तिसऱ्याला डिझेल आणि जुनं ऑइल पाजतोय, रोज सकाळी चार थेंब. मागच्या चाकाजवळचा साडेचार सुताचा नट अजून तसाच. खोल जागा आहे, साधी गोटी पुरत नाही. सहा कोनी, लांब, अर्ध्या इंची चौकाची, नऊ बाय सोळा इंची (म्हणजे साडेचार सुताची) गोटी यवतमाळ-अमरावतीकडे कोणाला सुटी दिसली तर कळवा. पूर्ण सेट नको, घरी दोन सेटांचा हिशेब अजून द्यायचाय.